विश्लेषण : बक्षीस रोख रकमेचे नाही, अख्ख्या ऑर्केस्ट्राचे! विद्यापीठांतील ‘कन्चेर्टो स्पर्धा’ नेमकी कशी चालते?

विशीतला एक विद्यार्थी व्हायोलिन घेऊन जवळजवळ रिकाम्या सभागृहाच्या मंचावर येतो. समोर तीन-चार परीक्षक बसलेले असतात. बाजूच्या पियानोवर बसलेली व्यक्ती पुढची पंधरा-वीस मिनिटे साठ-सत्तर वादकांचे काम एकटीच करणार असते. स्वर जुळवले जातात, एकमेकांकडे पाहून मान हलते आणि वादन सुरू होते. वेळ संपली की परीक्षक ‘थँक यू’ म्हणतात. रचना अर्ध्यावर असली तरी थांबायचे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या संगीत विद्यालयांत दरवर्षी दिसणारे हे चित्र. ही ‘कन्चेर्टो स्पर्धा’. बहुतेक ठिकाणी तिचे मुख्य बक्षीस एकच असते : विद्यालयाच्या ऑर्केस्ट्रासमोर उभे राहून एका संध्याकाळी एकल वादन करण्याची संधी. मुंबई, पुणे, गोव्यातून पाश्चात्त्य संगीत शिकायला परदेशी जाणाऱ्या मुलामुलींनाही या चाचणीला कधी ना कधी सामोरे जावे लागते. ही स्पर्धा चालते कशी, तिच्यात कोण मागे पडते आणि ती शिक्षणाचा भाग आहे की केवळ निवडीचा, याचा हा आढावा.

कन्चेर्टो म्हणजे काय?

एक एकल वादक आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेली रचना म्हणजे कन्चेर्टो. साधारणपणे तिचे तीन भाग असतात. पहिला जलद, दुसरा संथ आणि तिसरा पुन्हा जलद. मोत्सार्टचे पियानोसाठीचे २७ क्रमांकित कन्चेर्टो आहेत. बीथोव्हेनने पियानोसाठी पाच आणि व्हायोलिनसाठी एक पूर्ण कन्चेर्टो लिहिला. मेंडेल्सन, ब्राम्स, चायकोव्हस्की, सिबेलियस यांचे व्हायोलिन कन्चेर्टो आजही जगभर वाजवले जातात.

आपल्याकडच्या मैफलीत मुख्य कलाकार वाट काढतो आणि तबला-पेटी त्याच्या मागे जातात. कन्चेर्टोत तसे नसते. ऑर्केस्ट्रातील प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेले स्वर असतात, सर्वांना बांधून ठेवणारा कंडक्टर असतो आणि एकल वादकाला या दोघांशी सतत जुळवून घेत स्वतःचे म्हणणे मांडायचे असते. मध्ये एक जागा मात्र पूर्णपणे त्याची. तिला ‘कादेन्झा’ म्हणतात. ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटा आपले कसब दाखवतो. अभिजात काळातील रचनांत कादेन्झाच्या शेवटी बहुधा एक लांब कंपित स्वर येतो. तिहाई सुरू झाली की सम कुठे येणार हे जसे सर्वांना कळते, तसा हा स्वर ऐकला की ऑर्केस्ट्रा पुन्हा वाजवायला सज्ज होतो.

स्पर्धेचे टप्पे कोणते?

नियम विद्यालयागणिक बदलतात, पण साचा बराचसा सारखा आहे. विद्यार्थी त्या विद्यालयात शिकत असावा, त्याच्या गुरूची परवानगी असावी, रचना शक्यतो पाठ असावी. आधी विभागवार प्राथमिक फेरी होते. तंतुवाद्ये, पियानो, सुषिर वाद्ये, तालवाद्ये आणि काही ठिकाणी गायन, अशा गटांतून निवडलेले विद्यार्थी मग अंतिम फेरीत एकमेकांसमोर येतात. अंतिम फेरीसाठी अनेक विद्यालये बाहेरचे परीक्षक बोलावतात, कारण आपल्याच शिष्याला गुण देण्याची वेळ कोणत्याही शिक्षकावर येऊ नये. न्यूयॉर्कच्या जूलियार्डमध्ये वेगवेगळ्या वाद्यांसाठी स्वतंत्र स्पर्धा घेण्याची पद्धत आहे. इतर अनेक विद्यापीठांत सगळी वाद्ये एकाच अंतिम फेरीत असतात.

वेळ कमी असल्याने पूर्ण रचना क्वचितच ऐकली जाते. चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कन्चेर्टो साधारण ३५ मिनिटांचा आहे. त्याचा पहिला भागच निम्मी वेळ घेतो. त्यामुळे बहुतेक स्पर्धक एकच भाग सादर करतात आणि केवळ ऑर्केस्ट्राने वाजवायच्या जागा पियानोवादक सरळ गाळतो.

चाचणी पियानोसोबत, बक्षीस ऑर्केस्ट्राचे. मग अडचण कुठे?

अडचण नेमकी इथेच आहे. बीथोव्हेनच्या व्हायोलिन कन्चेर्टोत सुरुवातीची सुमारे तीन मिनिटे एकल वादक नुसता उभा असतो. संपूर्ण ऑर्केस्ट्रा वाजत असतो, सभागृह त्याच्याकडे पाहत असते, बोटे गार पडत असतात. त्यानंतर पहिलाच स्वर अचूक लागला पाहिजे. स्पर्धेत ही तीन मिनिटे कापलेली असतात. म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमातील एक अवघड कसोटी निवडीच्या वेळी घेतलीच जात नाही.

दुसरा मुद्दा अंतराचा. पियानोवादक दोन-तीन हातांवर बसलेला असतो. वादकाने श्वास घेतला तरी तो त्याला ऐकू जातो. ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेतील बासरी किंवा हॉर्न १५ मीटर दूर असू शकतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तेवढे अंतर कापायला त्याला सुमारे ४४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चौपट वाजवताना एका स्वराला १२५ मिलिसेकंद मिळतात. याचा अर्थ मागून येणारा आवाज ऐकून वाजवणारा वादक स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका मागे पडतो. म्हणून कानापेक्षा कंडक्टरच्या हातावर विसंबायला शिकावे लागते. ही सवय खोलीत बसून रियाज करून येत नाही.

तिसरा मुद्दा आवाजाच्या समतोलाचा. पियानोसोबत हळुवार, नाजूक वाटणारी जागा वीस-पंचवीस व्हायोलिनांच्या पुढे ऐकूच येत नाही, असे होऊ शकते. कुठे जोर द्यायचा, कुठे मागे सरकून ओबोला वाट द्यायची, हे ऑर्केस्ट्रासमोर उभे राहिल्यावरच समजते. आणि ती संधी स्पर्धा जिंकणाऱ्यालाच मिळते. ज्याला अजून हे शिकायचे आहे तो शिकण्याआधीच बाहेर पडतो.

व्हायोलिन आणि ट्युबा यांची तुलना कशी करायची?

सर्व वाद्ये एकाच फेरीत आली की परीक्षकांपुढे आंबा आणि फणस यांतून एक निवडण्याची वेळ येते. पियानो आणि व्हायोलिनकडे दोन-अडीच शतकांचा खजिना आहे. इतर अनेक वाद्यांचे तसे नाही. वॉल्टनचा व्हायोला कन्चेर्टो १९२९ मध्ये पहिल्यांदा सादर झाला. सॅक्सोफोनसाठी ग्लाझुनोव्हने १९३४ मध्ये लिहिले. ट्युबासाठीचा व्हॉन विल्यम्सचा कन्चेर्टो १९५४ चा. पॅरिसच्या संगीत विद्यालयाने तर परीक्षेसाठी मुद्दाम नव्या रचना लिहून घेण्याची प्रथाच पाडली. सेसिल शामिनादचे बासरीसाठीचे १९०२ मधील ‘कन्चेर्टिनो’ आणि देबुसीची क्लॅरिनेटसाठीची १९१० मधील ‘रॅप्सडी’ त्यातूनच जन्माला आली. आज या दोन्ही रचना जगभरच्या मंचांवर वाजतात. परीक्षेमुळे संगीतात भर पडल्याचे हे चांगले उदाहरण.

रचनेच्या निवडीत पैशाचाही भाग असतो. मोत्सार्ट किंवा बीथोव्हेनच्या स्वरलिपीवर आज कोणाचा हक्क नाही. पण शोस्ताकोविच किंवा सॅम्युएल बार्बर यांच्यासारख्या विसाव्या शतकातील संगीतकारांच्या अनेक रचनांच्या ऑर्केस्ट्रा प्रती प्रकाशकाकडून भाड्याने घ्याव्या लागतात. त्यामुळे काही विद्यालये रचना आधी मंजूर करून घ्यायला सांगतात. रचना फारच मोठ्या ऑर्केस्ट्राची असेल तरी नकार मिळू शकतो. विद्यार्थी स्वतःला पटणारी रचना निवडतो की ‘चालणारी’, हा प्रश्न इथे सुरू होतो.

प्रोकोफिएव्हने काय शक्कल लढवली?

याचे सर्वात गाजलेले उत्तर १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात मिळाले. तिथे पियानोच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांत सर्वोत्कृष्ट वादकासाठी चुरस होती आणि बक्षीस होते एक ग्रँड पियानो. प्रथेप्रमाणे स्पर्धकाने नावाजलेल्या संगीतकाराचा कन्चेर्टो वाजवणे अपेक्षित होते. विशीत असलेल्या सर्गेई प्रोकोफिएव्हने स्वतःचाच पहिला पियानो कन्चेर्टो निवडला.

त्यामागचा त्याचा हिशेब त्यानेच पुढे आत्मकथनात सांगितला आहे. अभिजात रचना वाजवली तर इतरांशी थेट तुलना होणार. स्वतःची वाजवली तर ती बरोबर वाजली की नाही, हे परीक्षकांना ठरवताच येणार नाही. हरलो तरी दोष रचनेचा की वादनाचा, हे कोणाला कळणार नाही. विद्यालयाने अट घातली की रचनेच्या छापील प्रती परीक्षकांना मिळायला हव्यात. प्रोकोफिएव्हने प्रकाशकाकडून त्या वेळेत छापून घेतल्या. मंचावर आल्यावर परीक्षकांच्या मांडीवर आपलीच रचना उघडलेली त्याला दिसली. तो जिंकला. विद्यालयाचे संचालक ग्लाझुनोव्ह या निर्णयावर खूश नव्हते आणि निकाल त्यांनी अगदी निर्विकार आवाजात वाचला, असे तो सांगतो.

हा किस्सा नुसता हुशारीचा नाही. परीक्षक वादनाला गुण देतात तेव्हा ते मनातल्या एका ओळखीच्या वादनाशी तुलना करत असतात. ती तुलनाच काढून घेतली की गुण देणे किती अवघड होते, हे एका विद्यार्थ्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले.

परीक्षकांचे कान कितपत भरवशाचे?

यावर अभ्यासही झाले आहेत. ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जगातील सर्वात प्रतिष्ठेच्या स्पर्धांपैकी एक. तिच्या अंतिम फेरीत बारा वादक सहा संध्याकाळी, रोज दोघे, ऑर्केस्ट्रासोबत वाजवत. कोणी कधी वाजवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. रेनातो फ्लोरेस आणि व्हिक्टर गिन्सबर्ग या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये तिचे जुने निकाल तपासले. चिठ्ठी नशिबाची असेल तर वाजवण्याच्या दिवसाचा निकालाशी संबंध नसावा. पण पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता कमी आणि नंतर वाजवणाऱ्यांना जास्त, असे आढळले. अंतिम फेरीत एक कोरी नवी रचना सर्वांना वाजवावी लागते. पहिल्या दिवशी परीक्षकही ती जवळजवळ पहिल्यांदाच ऐकत असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पुढे २००३ मध्ये गिन्सबर्ग आणि यान व्हॅन ऊर्स यांनी आणखी एक बाब मांडली. या स्पर्धेतील वरच्या क्रमांकाचा वादकाच्या पुढच्या कारकिर्दीला खरोखर फायदा होतो. म्हणजे चिठ्ठीचा परिणाम एका संध्याकाळीपुरता राहत नाही.

दुसरा अभ्यास चिया-जुंग त्साय यांचा, २०१३ मधला. त्यांनी नामांकित स्पर्धांतील अंतिम तीन वादकांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितले. केवळ आवाज ऐकणाऱ्यांना योगायोगापेक्षा बरे जमले नाही. आवाज बंद करून फक्त चित्र पाहणाऱ्यांना मात्र सुमारे निम्म्या वेळा विजेता ओळखता आला. व्यावसायिक संगीतकारांचेही तसेच झाले. नंतरच्या संशोधकांना तसेच निकाल पुन्हा मिळाले, पण त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, असा इशाराही त्यांनी दिला. तरी एवढे नक्की की परीक्षक ऐकतात तसे पाहतातही. याच कारणाने अमेरिकेतील अनेक ऑर्केस्ट्रा नोकरीच्या चाचणीत उमेदवार आणि परीक्षक यांच्यात पडदा लावतात. विद्यापीठांच्या कन्चेर्टो स्पर्धेत असा पडदा सहसा नसतो.

हरणाऱ्यांचे पुढे काय होते?

याचा विचार बाहेरून कमी होतो. विद्यालयाच्या ऑर्केस्ट्रात विद्यार्थीच असतात. त्यामुळे स्पर्धेत हरलेली व्हायोलिनवादक पुढच्या सत्रात अनेकदा त्याच ऑर्केस्ट्राच्या पहिल्या रांगेत बसून विजेत्याची साथ करते. कधी तीच रचना, जी तिनेही वर्षभर घोटली होती. ही खिलाडूवृत्तीची उत्तम शाळा आहे, यात शंका नाही. पण तिला निकालापलीकडे काय मिळाले, हा प्रश्न उरतो. अनेक ठिकाणी विजेत्याचे नाव सूचनाफलकावर लागते आणि विषय संपतो.

त्यात खर्चाचीही बाजू आहे. पियानोची साथ करणाऱ्यासोबत भरपूर तालमी लागतात. हा साथीदार विद्यालय पुरवत नसेल तर त्याचे तासाचे मानधन विद्यार्थ्याच्या खिशातून जाते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या तालमी जास्त होतात. परीक्षकांसमोर मात्र दोघेही ‘समान’ असतात.

महाराष्ट्र आणि गोव्याचा संबंध काय?

ऑर्केस्ट्राची उणीव मुंबईने फार पूर्वी ओळखली होती. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्याच घरात १९३६ मध्ये जन्मलेले झुबिन मेहता पुढे जगातील आघाडीचे कंडक्टर झाले. हिंदी चित्रपटसंगीताला घडवणाऱ्या गोव्याच्या वादकांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. तो देशातील एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणून ओळखला जातो. हंगामात त्याचे अनेक वादक परदेशांतून येतात. उस्ताद झाकिर हुसेन यांचा तबल्यासाठीचा ‘पेशकार’ हा कन्चेर्टो २०१५ मध्ये याच ऑर्केस्ट्रासोबत मुंबईत पहिल्यांदा सादर झाला.

मुंबई, पुणे आणि गोव्यात पियानो-व्हायोलिन शिकणारी अनेक मुले लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा देतात. वरच्या ग्रेडला कन्चेर्टोचा एखादा भाग असतो, पण तो पियानोच्या साथीवर. त्यामुळे इथला विद्यार्थी परदेशातील विद्यालयात पोहोचतो तेव्हा त्याच्या बोटांत कन्चेर्टो असतो, मात्र ऑर्केस्ट्रासमोर उभे राहण्याचा अनुभव बहुधा नसतो. ज्यांनी शाळेतच युवा ऑर्केस्ट्रात वाजवले आहे त्यांच्या पुढे तो तिथेच एक पाऊल मागे असतो. ‘विजेत्यालाच ऑर्केस्ट्रा’ या नियमाचा फटका त्याला अधिक बसतो.

मग स्पर्धा बंद करायच्या का?

नाही. ऑर्केस्ट्राचा वेळ मर्यादित असतो. शेकडो विद्यार्थ्यांना पूर्ण मैफल देणे कोणत्याही विद्यालयाला शक्य नाही. निवड करावीच लागते आणि ती कसोटीवर व्हावी, हे वशिल्यापेक्षा केव्हाही चांगले. दर्जाचा आग्रहही हवा. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये करंडक कोणालाच दिला गेला नाही, तेव्हा वाद झाला. पण परीक्षकांचा तो अधिकार नियमांतच असतो. काही कन्चेर्टो स्पर्धांतही विजेता न निवडण्याची मुभा परीक्षकांना असते.

मात्र विद्यापीठ ही मैफल भरवणारी संस्था नाही, ती शिकवणारी संस्था आहे. म्हणून तिच्या स्पर्धेची कसोटी वेगळी असायला हवी. चार गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, अंतिम फेरीतील प्रत्येकाला ऑर्केस्ट्रासोबत किमान एक वाचन-तालीम द्यावी. प्रेक्षक नकोत, तिकीट नको; अर्धा तास पुरे. ऑर्केस्ट्रातील विद्यार्थ्यांनाही त्यातून साथ करण्याचा सराव मिळतो. दुसरी, प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळावा. तिसरी, वाजवण्याचा क्रम सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरावा आणि वाद्यगट आळीपाळीने वेगळे घ्यावेत, म्हणजे ट्युबाला दरवर्षी व्हायोलिनशी झुंजावे लागणार नाही. चौथी, साथीच्या पियानोवादकाचा खर्च ठरावीक तासांपुरता विद्यालयाने उचलावा.

यातील पहिली सूचना सर्वात महत्त्वाची आहे. विजेता ज्या संध्याकाळी मंचावर येतो, त्या संध्याकाळी त्याला ऑर्केस्ट्रा कसा पेलायचा हे थोडेफार आधीच येत असते. म्हणून तर तो जिंकलेला असतो. ज्यांना ते अजून यायचे आहे, तेही त्याच विद्यालयाचे विद्यार्थी आहेत आणि शुल्क भरून तेच शिकायला आलेले आहेत. त्यांनाही पदवी घेण्याआधी निदान अर्धा तास त्या साठ-सत्तर वादकांसमोर उभे राहता यायला हवे.